कोबीवरचा मावा : शेतकऱ्यांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोबीची पाने आत वळलीत, खाली राखाडी पूड दिसते. भुरी आली का? (पैठण)

भुरी (पानावर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) नव्हे, मावाच, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. पूड बोटाने पुसा. खाली हिरवट-राखाडी किडी दाटीने बसलेल्या दिसतील. ती पूड म्हणजे त्यांच्या अंगावरचे मेण. मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले द्यायला लागते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आभाळ आले की आठवडाभरात प्लॉट भरतो. युरियाचा हात सैल असेल तर आणखी लवकर, कारण मावा कोवळ्या, रसरशीत पानावरच वाढतो.

दोनदा औषध मारले, मावा तसाच. डोस वाढवू का? (भोकरदन)

अजिबात नको. बहुतेक वेळा औषध कमी पडत नाही, ते किडीपर्यंत पोचतच नाही. कोबीचे पान मेणचट, मावाही मेणचट. पाणी घरंगळून जाते. टाकीत चांगले स्टिकर (औषध पानावर पसरवून धरून ठेवणारा पदार्थ) घाला, नोझल पानाखालून वर धरा. फवारल्यावर एक पान उलटून बघा. थेंब मण्यांसारखे उभे असतील तर स्टिकर कमी आहे, ओल पसरायला हवी.

ॲसिटामिप्रिड २० एसपी (पाण्यात विरघळणारी पूड) १० लिटर पाण्याला १.५ ग्रॅम, एकरी २०० लिटर पाण्यातून फवारा आणि काढणीआधी ७ दिवस थांबा. पुढची फवारणी लागलीच तर औषधाचा रासायनिक गट बदला : टोलफेनपायरॅड १५ ईसी (पाण्यात मिसळायचे द्रव औषध) १० लिटरला २० मिली, काढणीआधी ५ दिवस. ॲसिटामिप्रिडनंतर इमिडाक्लोप्रिड मारणे म्हणजे गट तोच, नाव फक्त वेगळे. गड्डा भरल्यावर आतल्या घड्यांतल्या माव्यावर कुठलाच फवारा नीट पडत नाही, म्हणून गड्डा धरण्याआधीच दर चार दिवसांनी पाने उलटून बघा.

निंबोळी अर्कात साबण घातला की पाणी फाटते. (औसा)

बोअरचे क्षाराचे पाणी असेल. साबणाचा चोथा होतो, नोझल तुंबते आणि अर्क पानाला धरत नाही. शेततळ्याचे पाणी घ्या. ते नसेल तर साबणाऐवजी स्टिकर वापरा. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा. २०० ग्रॅम साबण वेगळा विरघळवून त्यात घाला आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. त्याच संध्याकाळी फवारा, ऊन लागले की अर्काचा जोर जातो. बुरशी धरलेल्या काळ्या निंबोळ्या घेऊ नका. अर्क उपयोगी पडतो तो मावा तुरळक असताना. पाने वळल्यावर त्याच्यावर विसंबू नये.

माव्यात काही तपकिरी, फुगलेले, न हलणारे दाणे दिसतात. (परतूर)

चांगले लक्षण आहे. बारीक परोपजीवी माशी माव्याच्या पोटात अंडे घालते, तो मावा फुगून कडक होतो. पाठीवर गोल भोक असेल तर नवी माशी बाहेर पडली. असे दाणे बरेच दिसत असतील आणि मावा खाणारे ढालकिडेही फिरत असतील तर रासायनिक फवारणी दोन-तीन दिवस लांबवा, पुन्हा पाहणी करून ठरवा.

कडेने मोहरी लावू का? (लोहा)

नुसती कडेने नको. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्या. एक लागवडीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरा. मावा आणि चौकोनी ठिपक्याचा पतंग दोन्ही मोहरीकडे ओढले जातात. पण मोहरीवर मावा चढला की तिथेच फवारायला हवे, नाहीतर पंख फुटलेला मावा तिथूनच कोबीवर उतरतो.