आधी टेप घेऊन रेघ मोजा

दादा, मालवणच्या बास्केटबॉल मैदानावर तुमच्या मुलाचे दहातले सात थ्री-पॉइंटर (लांबच्या रेघेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) जातात आणि बाहेर स्पर्धेला गेलं की तोच शॉट रिंगच्या अलीकडे पडतो, हे वाचलं आणि मला माझी अकरावी आठवली. सर 'जोर लाव' म्हणतायत. कृपा करून एवढ्यात तसं करू देऊ नका.

मी रत्नागिरीची. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, थ्री-पॉइंटची रेघ २०१० मध्ये ६.२५ मीटरवरून ६.७५ वर नेली, पण आमच्या मैदानावर दर दिवाळीनंतर जुन्याच रेघेवर नवा रंग मारायचे. त्या रेघेवरून मी दोन वर्षं रोज सकाळी शंभर-दीडशे शॉट मारले. २०१२ ला विभागीय स्पर्धेसाठी घाटावर गेलो, तर पहिले पाचही शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली. सहाव्याला हातच आखडला. अर्धा मीटर म्हणजे किती, तर दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवले की संपला!

परत आल्यावर रेघ बदलून द्या म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला. 'निधी आला की बघू.' दुसऱ्यांदा गेले तर अर्जच सापडेना. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, 'मुलींना कशाला एवढी लांबची रेघ?' अजून आठवलं की डोकं तापतं. रंगाचा एक डबा आणि दोन तासांचं काम होतं हो.

पण खरं नुकसान मी स्वतः करून घेतलं. शॉट पोचावा म्हणून चेंडू कमरेपासून ढकलायला लागले, आणि तेही ऐन स्पर्धांच्या दिवसांत. पोचायला लागला, पण कोपर बाहेर गेलं, चेंडू कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि समोर उंच मुलगी आली की ब्लॉक. जुना शॉट परत आलाच नाही. बारावीनंतर खेळ सुटला.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला नावाजलेला शूटर स्टेफन करीही शाळेत कमरेजवळूनच मारायचा. वडील डेल करी स्वतः एनबीएतले शूटर. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा रिलीज, म्हणजे चेंडू हातातून सुटण्याची जागा, डोक्याच्या वर नेला. सुरुवातीला त्याला लांबून शॉट जमतच नव्हता, फार वैतागला होता तो. पण सुट्टी होती, शाळेचे सामने नव्हते. तुम्हालाही काही बदलायचं असेल तर मे महिन्यात बदला. ऑगस्टमध्ये तालुका-जिल्हा सुरू झाल्यावर हात लावू नका.

नुसत्या शूटिंगवर करिअर होतं का, असं तुम्ही विचारलंय. मुलगा ज्याचे व्हिडिओ बघतो तो काइल कोरव्हर २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, ५१ वा. नेट्स संघाने घेतला आणि पैसे घेऊन लगेच फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकला. तो १७ सीझन खेळला. २००९-१० मध्ये यूटा संघाकडून थ्रीची टक्केवारी ५३.६, पुढे सलग १२७ सामन्यांत निदान एक तरी थ्री, आणि २०१५ ला तेहेतिसाव्या वर्षी निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवड. शॉट बिघडला की तपासायला त्याने वीस गोष्टींची यादी केली होती, ती सुरू होते पायांपासून. लांबच्या शॉटला जोर पायांतून येतो, हातातून नाही. मुलाला दोरीच्या उड्या आणि स्क्वॉट्स करू देत, आणि रोज एक पाऊल मागे सरकू दे. आपल्याकडे रेल्वे, पोलीस यांच्या संघांत खेळाडू कोट्यातून नोकऱ्या आहेत. पण मी कोच नाही, विभागाच्या पुढे खेळलेले नाही, त्यामुळे करिअरची हमी मी देणार नाही.

रेघ मोजताना गवंड्याकडचा ओळंबा आणा. रिंगच्या मधोमध सोडा आणि टेकेल तिथून टेप धरा. रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.७५ भरायला हवं. दोन्ही कोपऱ्यांत रेघ सरळ असते, तिथे ६.६०. कमी भरलं तर अर्जाच्या नादी लागू नका, फक्कीने नवी रेघ स्वतः मारा. आणि हो, रिंगची उंची ३.०५ आहे का तेही बघा. खाऱ्या हवेने बोल्ट गंजून रिंग पुढे कलते, आमची कललेली होती. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हाचे आकडे धरू नका, सकाळचे धरा.

मोजलंत की इथे लिहा. मी वाट बघतेय.