वर्कशॉपमधील डाय, गेज आणि यंत्रांसाठी क्यूआर घ्यावा, एनएफसी की आरएफआयडी?

आपल्याकडे सुमारे चारशे डाय (साचे), गेज (माप तपासण्याची साधने) आणि काही यंत्रे आहेत, प्रत्येकाची देखभालीची नोंद फोनवर उघडावी आणि महिनाअखेरची मोजणीही लवकर उरकावी, असे आपण म्हटले आहे. टूल रूममध्येच काम करत असल्यामुळे मी लोखंड आणि कूलंट यांच्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मा निर्णय तेच करून टाकतात.

आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगचे, साधे स्टिकर लोखंडावर थेट चिकटवले, तर धातूमुळे त्याच्या अँटेनाचे ट्यूनिंग बिघडते आणि ते बहुधा वाचलेच जात नाही. फास्टॅग हा यूएचएफ (दुरून वाचता येणाऱ्या अतिउच्च वारंवारितेच्या) प्रकारचाच टॅग काही मीटरवरून वाचला जातो, पण तो काचेवर असतो, पत्र्यावर नव्हे. धातूसाठी वेगळे ‘ऑन-मेटल’ टॅग मिळतात. ते जाड आणि बरेच महाग असतात, शिवाय पाणी मिसळलेले कूलंट यूएचएफ लहरी शोषून घेते. चारशे वस्तूंसाठी हा खर्च मला पटत नाही. डाय सतत जॉबवर्कला बाहेर जात असतील आणि गेटवर आपोआप नोंद हवी असेल, तरच यूएचएफचा विचार करावा.

माझी स्पष्ट शिफारस क्यूआरची आहे. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये तो वाहनांच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठीच विकसित केला, आणि ‘एच’ या त्रुटी-दुरुस्तीच्या सर्वोच्च पातळीवर छापल्यास सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मात्र कागदी स्टिकर तेलात टिकत नाही. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लेसरने कोरून ती रिव्हेटने बसवावी, पृष्ठभाग चकाकणारा नसावा आणि कोडखाली क्रमांक साध्या अंकांतही असावा. प्लग गेजच्या मुठीवर एवढी जागा नसते. तिथे काही मिलिमीटरचा डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच चौकोनी कोड) कोरता येतो, पण त्यासाठी फोनवर सहसा वेगळे ॲप लागते. ज्या यंत्रांवर मळ साचून कोड दिसेनासा होतो, तेवढ्यांवर धातूचा अडथळा टाळणारा फेराइटचा थर असलेला एनएफसी टॅग (फोन अगदी जवळ नेल्यावर वाचला जाणारा) लावावा, कारण तो मळाखालूनही वाचला जातो. त्यावर नोंदीच्या वेबपानाचा पत्ता लिहिल्यानंतर टॅग लॉक करायला विसरू नये, नाहीतर कोणीही आपल्या फोनने तो बदलू शकतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे कोडमध्ये काय भरायचे. देखभालीची माहिती त्यात कोंबू नये. आपल्या स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता आणि कधीही न बदलणारा क्रमांक एवढेच ठेवावे. फुकट ‘डायनॅमिक’ क्यूआर (आधी सेवेच्या पत्त्यावर जाऊन मग आपल्या पानाकडे वळवणारा) देणाऱ्या सेवेचा पत्ता धातूवर कोरला आणि ती सेवा बंद पडली, तर सगळ्या पट्ट्या निकामी होतील. क्रमांक आपला असेल, तर पुढे क्यूआरच्या जागी आरएफआयडी आला तरी जुन्या नोंदी तशाच चालतात.

सर्वाधिक तेल उडणाऱ्या दहा डायवर आधी पट्ट्या बसवून दोन महिने वापरून पाहाव्यात. उरलेल्यांची ऑर्डर त्यानंतरच द्यावी.