बेइमान चित्रपट?

प्रश्न : स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' हा भयपट पाहिला, मग स्टीफन किंगची मूळ कादंबरी वाचली. चित्रपट कादंबरीशी बेइमान वाटला. वाचनगटासाठी परीक्षण लिहितेय. तसं सरळ लिहू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लिहा की, पण तेवढ्यावर थांबू नका, ताई. खुद्द किंग यांनाही तो आवडला नव्हता. १९९७मध्ये त्यांनी स्वतःच्या पटकथेवर मालिका करवून घेतली. ती इमानदार आहे आणि, माझ्या मते, मिळमिळीत.

१९७७च्या कादंबरीतला जॅक हिवाळ्यात बंद हॉटेलची राखण करणारा, दारूशी झगडणारा, पोरावर जीव असलेला बाप आहे. तो हळूहळू ढासळतो, म्हणून वाचताना पोटात गोळा येतो. १९८०च्या चित्रपटात ही भूमिका करणाऱ्या जॅक निकल्सनच्या भुवया नोकरीच्या मुलाखतीतच सगळं सांगून टाकतात! तक्रार करायची तर इथे करा. खोली क्रमांक २१७चा २३७ झाला, यावर शाई घालवू नका. शेवट मात्र तपासा. कादंबरीत दुर्लक्षित बॉयलर फुटून हॉटेल जळतं. पडद्यावर बाप बर्फातल्या भूलभुलैयात गोठून मरतो. मला गोठणं जास्त भिववतं, तुम्हाला कदाचित बॉयलर. ते कारणासकट लिहा.

आणि हो, गटात कुणाचं वाचायचं राहिलं असेल, तर शेवटाबद्दल लिहिण्याआधी ठळक सूचना टाका.