फेसलिफ्टच्या रुग्णाला आधी काय सांगायचं

प्रिय डॉक्टर,

फेसलिफ्टसाठी, म्हणजे सैल पडलेला चेहरा-गळा शस्त्रक्रियेनं उचलून घ्यायला, येणाऱ्यांशी पहिलं बोलणं आता तुझ्याकडे आलंय, म्हणून हे पत्र. ऑपरेशन थिएटरमधले तीन-चार तास आपल्याला महत्त्वाचे वाटतात. रुग्णाला मात्र त्यानंतरचे तीन आठवडे काढायचे असतात, आणि नेमकं त्यांच्याबद्दलच आपण घाईघाईत बोलतो.

सुरुवात काय होणार नाही, इथून कर. बहुतेक जण आरशासमोर दोन बोटांनी गाल वर ओढून दाखवतात, "एवढंच करा." बोटांनी ओढली जाते ती कातडी. आपण तिच्याखालचा, चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेला स्मास हा थर उचलून बांधतो. मित्झ आणि पेरोनी या डॉक्टरांनी 1976 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याआधी भर कातडी ओढण्यावरच असायचा, म्हणून चेहरा ताणलेला दिसायचा, लवकर सैल पडायचा आणि व्रणही रुंदावायचे. जबड्याची कड आणि गळा यांत फरक चांगला दिसतो. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी थोडीच कमी होते. कपाळ, पापण्या, ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि डाग आहेत तसेच राहतात. परिणाम साधारण 7 ते 10 वर्षं टिकतो.

चीर कुठून कुठे जाते ते त्यांच्याच कानाभोवती बोट फिरवून दाखव: कानशिलाच्या केसांतून कानापुढे, पाळीला वळसा घालून कानामागे, मग मानेच्या केसांत. पुरुषांमध्ये चीर ट्रॅगसच्या (कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या) पुढून घेतलेली बरी, नाहीतर दाढीचे केस थेट ट्रॅगसवर उगवतात. कानामागेही थोडी दाढी करावी लागेल, हे आधीच सांग. कान टोचलेल्या जागी गाठ आली होती का, हे विचारायला विसरू नकोस. आपल्याकडे केलॉइड (व्रण जाड होऊन गाठीसारखा वाढणं) आणि व्रण काळवंडणं दोन्ही नेहमीचं.

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर येतं आणि घरी रोज मशेरी चालू असते. म्हणून मशेरी, गुटखा, सिगारेट एकेक नाव घेऊन विचार. निकोटीन कुठल्याही वाटेनं आलं, अगदी च्युइंगममधून, तरी रक्तवाहिन्या आकसतात. मग कानामागची कातडी, जिथे रक्त सगळ्यात शेवटी पोचतं, काळी पडते. आधी 4 आठवडे आणि नंतर 4 आठवडे पूर्ण बंद. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल 2 आठवडे आधी थांबवायच्या. पण हृदयात स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्टशी बोलल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ हिमॅटोमावर घालव. कातडीखाली रक्त साचणं ही इथली सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत. बहुतेकदा ती पहिल्या 24 तासांत होते, आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. रक्तदाब चढणं, उलटी, खोकला, शौचाला जोर करणं ही कारणं. म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. फेसलिफ्टनंतर दुखतं, पण बेताचं. एकाच बाजूला अचानक ठणका, घट्टपणा आणि फुगवटा आला, तर वेदनाशामक देऊन सकाळची वाट बघायची नाही. साचलेल्या रक्ताचा दाब वरच्या कातडीचा रक्तपुरवठा तोडतो. टाके उघडून रक्त काढावं लागतं. हे रुग्णापेक्षा सोबत राहणाऱ्याला समजाव आणि रात्री उचलला जाणारा नंबर दे. ओपीडीचा नंबर रात्री दोन वाजता कामाचा नाही.

आता दिवसांचा हिशेब. ड्रेन, म्हणजे कातडीखालचं रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या, 1-2 दिवसांत निघतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त, आणि दोन्ही बाजूंना सारखी नसते. आरसा बघून रडू येणं याच दिवसांतलं. घरच्यांनाही आधी कल्पना दे. काळे-निळे डाग गळ्यावर, कधी छातीपर्यंत उतरतात आणि दोनेक आठवड्यांत जातात. कानापुढचे टाके 5-7 दिवसांनी, मागचे 10-14 दिवसांनी निघतात. ऑफिस 2-3 आठवड्यांनी, व्यायाम आणि केसांना कलप 4-6 आठवड्यांनी. व्रण मुरायला वर्ष लागतं.

डोकं उंच ठेवा एवढंच सांगितलं की लोक दोन जाड उशा डोक्याखाली घेतात. मग हनुवटी छातीला टेकते आणि गळ्याची कातडी दुमडते. पाठीपासूनच चढ द्यायला सांग. पाण्याची बादली, वाकून फरशी पुसणं बंद. पापड-लोणचंही काही दिवस नको, मिठानं सूज रेंगाळते.

गाल आणि कानाची पाळी काही आठवडे ते महिने बधिर राहतात. हेअर ड्रायर किंवा बर्फाची पिशवी लागली तरी कळत नाही, आणि कातडी भाजते. ओठ वाकडा दिसला तर लगेच कळवायला सांग; बहुतेकदा ओठ हलवणारी नस (नर्व्ह) काही महिन्यांत सावरते, कायमचं नुकसान क्वचित होतं, पण "होतच नाही" असं म्हणू नकोस.

सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा देत नाही, हे पैसे भरायच्या आधी सांग. आणि "दोन महिन्यांवर मुलीचं लग्न आहे" म्हणत कोणी आलं, तर लग्न उरकून या म्हण. निदान 3 महिने हातात नसतील तर फोटोंसाठी चेहरा तयार नसतो.