बर्ड फ्लू पक्ष्यांचा आजार, मग तो वाघांना आणि गाईंना कसा झाला? विषाणूंची ‘सरमिसळ’ होते म्हणजे काय? घरच्या मांजराला धोका आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. बातम्यांतही त्या अशाच एकत्र येतात. एका प्राण्यातून दुसऱ्या जातीच्या प्राण्यात विषाणू जाणं ही एक गोष्ट, आणि दोन विषाणूंच्या जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होणं ही दुसरी. मी कोंबड्यांच्या आजारांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मला धास्ती वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

आधी वाघ. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा सर्वांत चर्चेतला विषाणू, निघाला. मांजरकुळाला हा विषाणू फार बाधतो. थायलंडमध्ये श्रीराचा इथल्या व्याघ्र प्राणिसंग्रहालयात २००४ साली ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. त्यांना कोंबड्यांचं कच्चं मांस घातलं जात होतं. नंतर वाघाकडून वाघाकडेही लागण झाली, पण सुरुवात खाण्यातून. अशा वेळी विषाणूने आधी बदललेलं असायलाच हवं असं नाही. भरपूर प्रमाणात शरीरात गेला की तेवढं पुरतं.

आता सरमिसळ. बर्ड फ्लू ज्या गटातला, त्या इन्फ्लुएन्झा ए विषाणूची जनुकं एका सलग धाग्यात नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. सगळ्या भानगडीचं मूळ हेच. एकाच पेशीत दोन वेगळे इन्फ्लुएन्झा विषाणू एका वेळी शिरले, की दोघांच्याही आठ-आठ तुकड्यांच्या प्रती तिथे तयार होतात, आणि नवे विषाणू बांधले जाताना कोणता तुकडा कोणाचा, याला धरबंध राहत नाही. हिशोबाने २५६ प्रकार होऊ शकतात. बरेचसे निकामी निघतात, कारण तुकड्यांचं आपसात जमावं लागतं. पण एखाद्याचं जमतं. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच आल्या: माणसांत आधीपासून फिरणाऱ्या फ्लूला पक्ष्यांच्या विषाणूचे काही तुकडे मिळाले, पहिल्या वेळी तीन आणि दुसऱ्या वेळी दोन. एच आणि एन ही अक्षरं आठांपैकी फक्त दोन तुकड्यांची ओळख सांगतात. त्यामुळे १९९७ चा एच५एन१ आणि आजचा एच५एन१ आतून बरेच वेगळे असू शकतात, आणि आहेतही.

आपल्याकडे ज्याची बातमीच होत नाही तो म्हणजे एच९एन२, कोंबड्यांमधला सौम्य बर्ड फ्लू. लेयर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) फार्मवर अंडी घटतात, पक्षी जरा घरघरतात, थोडीफार मरतूक होते. मालक म्हणतो हवा बदलली, नाहीतर मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाची लस कमी पडली असेल. एच५एन१ सारखं दोन दिवसांत शेड रिकामं होत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही. पण हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना एच५एन१ झाला आणि ६ दगावली, तेव्हा त्या विषाणूचे आतले (एच आणि एन सोडून उरलेले) तुकडे तिथल्या बाजारातल्या बटेरांमधल्या एच९एन२ शी जुळणारे निघाले. चीनमध्ये २०१३ साली जो एच७एन९ माणसांत आला, त्याचेही आतले सहा तुकडे एच९एन२ कडूनच आलेले. त्याने पुढच्या काही वर्षांत १,५०० हून अधिक माणसांना गाठलं आणि त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मेली. गंमत म्हणजे एच७एन९ ने कोंबड्या सुरुवातीला आजारीच पडत नव्हत्या, त्यामुळे तो कुठे आहे हे माणसं आजारी पडल्यावर कळायचं. बटेर, बदकं, गावठी कोंबड्या आणि ब्रॉयलर एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत ठेवणारा जिवंत पक्ष्यांचा बाजार मला म्हणूनच कोणत्याही स्थलांतरित पक्ष्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो. फ्लेमिंगोंवर उगाच संशय घेतात लोक.

अर्थात, रानपक्षी अगदीच निर्दोष नाहीत. २००५ मध्ये चीनच्या किंघाई सरोवरावर हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस सर्वांत जास्त. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, तो विषाणू याच किंघाई वंशातला. एच५एन१ ची सध्याची जगभर पसरलेली शाखा २०२१ च्या अखेरीस पक्ष्यांबरोबर उत्तर अमेरिकेत पोहोचली, आणि तिथल्या रानपक्ष्यांच्या साध्या फ्लूशी तिची सरमिसळ झाली. त्यातून निघालेला एक प्रकार टेक्सासच्या गाईंत शिरला. मार्च २०२४ मध्ये तो उघडकीस आला. गाईच्या कासेतल्या पेशींवर या विषाणूला चिकटायला लागणारी साखर भरपूर असते, म्हणून तो फुफ्फुसांपेक्षा दुधात जास्त सापडला, आणि दूध काढायच्या यंत्रांतून गाईगाईत फिरला. सरमिसळ डुकरांत होईल म्हणून त्यांच्यावर नजर ठेवून बसलेल्या आम्हा लोकांना गाय अनपेक्षित होती. पाश्चरायझेशनने तो मरतो. कच्चं दूध प्यायलेली तिथल्या गोठ्यांतली मांजरं मात्र मेली.

भारताचंही सांगते. आपल्याकडची जुनी शाखा आणि ही नवी शाखा यांचे तुकडे एकत्र झालेला एच५एन१, भारतातून ऑस्ट्रेलियाला परतलेल्या एका लहान मुलात २०२४ मध्ये सापडला. मूल बरं झालं. माणसाकडून माणसाकडे सहज पसरेल असा एच५एन१ अजून आलेला नाही. त्यासाठी पक्ष्यांच्या आतड्यांत जमणारी पकड सोडून माणसाच्या घशातल्या पेशींवर पकड बसावी लागते, आणि आपल्या नाक-घशाच्या कमी तापमानात वाढता यावं लागतं. दुसरी अट एकाच बदलाने बऱ्यापैकी भागते, पहिली सहसा नाही.

तुमच्या मांजराचं: धोका आहे, पण टाळणं सोपं आहे. चिकन सेंटरवरून आणलेली कच्ची कातडी, आतडी, माना घालू नका, शिजवून घाला. ७० अंशांना विषाणू टिकत नाही. मेलेला कावळा किंवा कबूतर तोंडात धरून आणलं तर हातमोज्याने किंवा पिशवीने उचला. परिसरात पक्षी मरत असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि तोवर मांजराला घरातच ठेवा.