चित्रवहीत मिश्र माध्यमासाठी कोणते साहित्य घ्यावे?

जळगावात नव्याने चित्रवही सुरू करणाऱ्याने आधी कागद पाहावा. मिश्र माध्यमात रंग, कात्रणे आणि गोंद एकाच पानावर येणार असल्याने वहीचा कागद किमान २०० आणि शक्यतो ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असावा. पातळ पान ओलाव्याने सुरकुतते. पोस्टर रंग स्वस्त असले, तरी वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतात, म्हणून खालच्या थरासाठी मी वाळल्यावर पाण्याने न सुटणारे अ‍ॅक्रिलिकच वापरतो. मात्र खानदेशच्या उन्हाळ्यात ते पॅलेटवरच वाळून जाते, तेव्हा रंग थोडाथोडाच काढावा आणि ओल्या फडक्यावर बटर पेपर पसरून त्यावर मिसळावा. रेषांसाठी जलरोधक पिगमेंट शाईचे पेन पुरेसे आहे. कात्रणांसाठी कपाशीच्या बियाण्यांच्या पाकिटांवरील भडक छपाई (हा माझा वैयक्तिक शौक) उत्तम. पण पाकिटे प्लॅस्टिकची असल्यास साधा पांढरा गोंद टिकत नाही, दुहेरी चिकटपट्टी लावावी.