काम जमत नाही म्हणून माणूस काढावा लागतो तेव्हा

उद्योजकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी मशिनिंगचं (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर धातूचे सुटे भाग बनवण्याचं) छोटं युनिट आहे, एकूण १८ माणसं. वडिलांकडून कारभार माझ्याकडे आला. एका ऑपरेटरचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणाऱ्या जॉबचं प्रमाण, सहा-सात टक्के असतं, बाकीच्यांचं दोनच्या आत. तोंडी सांगून थकलो. तो पावणेसात वर्षं आमच्याकडे आहे. आजवर मी कोणालाच काढलेलं नाही. सुरुवात कुठून करू?
– एक उद्योजक, भोसरी

उत्तर : सुरुवात मशीनपासून करा. सहा टक्के रिजेक्शन माणसाचं आहे की मशीनचं, हे आधी कळलं पाहिजे. दोन आठवडे त्याला दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि त्याच्या मशीनवर दोनच्या आत रिजेक्शन असलेला ऑपरेटर उभा करा. जॉब तोच, मटेरियलची लॉट तीच. रिजेक्शन मशीनबरोबर राहिलं तर मशीनचे स्पिंडल, चक, टरेट हे भाग तपासायचं काम तुमचं आहे. माणसाबरोबर गेलं तर पुढचा प्रश्न विचारा: नेमकं कुठे चुकतंय? इन्सर्ट (कापणारं पातं) उशिरा बदलतो, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देताना अधिक-उणे चिन्ह उलटं टाकतो, पहिला जॉब न तपासता लॉट चालू करतो, की मापच चुकीचं वाचतो? चाळिशीच्या आसपासच्या ऑपरेटरला व्हर्नियरवरच्या (माप घेण्याच्या साधनावरच्या) बारीक रेषा दिसेनाशा होतात आणि तो ते कोणाला सांगत नाही. डोळे तपासून घ्या, डिजिटल व्हर्नियर देऊन बघा. रिजेक्शन फक्त रात्रपाळीतच वाढतंय का, तेही नोंदवहीतून काढा. हे सगळं न बघता माणूस काढला, तर नवा ऑपरेटर त्याच मशीनवर तेवढेच जॉब बाद करील.

एवढं करूनही दोष त्याच्याच कामात निघाला, तर आता कागद. ‘सांगून थकलो’ याला कायद्यापुढे किंमत नाही, आणि आमच्या मते असूही नये. तोंडी बोलणं म्हणजे नोकरी जाण्याचा इशारा आहे, हे समोरच्याला अनेकदा कळलेलंच नसतं. त्याला वाचता येईल त्या भाषेत, मराठीत किंवा हिंदीत, एका पानाचं पत्र द्या. त्यात मागच्या तीन महिन्यांचे त्याचे आकडे, त्याच जॉबवर इतरांचे आकडे, कुठल्या तारखेपर्यंत किती अपेक्षित आहे आणि तोवर तुम्ही काय मदत देणार, एवढं लिहा. सुधारणा झाली नाही तर नोकरी जाऊ शकते, हे वाक्यही त्यात सरळ लिहा. ते वाक्य लिहायला हात अडतो म्हणून गाळलं जातं आणि मग शेवटच्या दिवशी माणूस हादरतो.

मुदत ६० ते ९० दिवसांची ठेवा. इतर ऑपरेटर दोन टक्क्यांवर आहेत, तर त्याच्याकडून एक टक्का मागू नका. अशक्य लक्ष्य दिलं की सारा बनाव आधीच ठरला होता असं दिसतं, आणि बहुधा ते खरंही असतं. दर आठवड्याला पंधरा मिनिटं बसा, आकडा दाखवा, तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्या. सही नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करा आणि प्रत त्याच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा.

जुनी फाइलही काढून वाचा. वडिलांच्या काळात दरवर्षी ‘काम समाधानकारक’ म्हणून पगारवाढीची पत्रं दिली गेली असतील, तर ती त्याच्या बाजूचा पुरावा आहेत. अशा वेळी घाई न करता पूर्ण ९० दिवस द्या. या काळात पगारवाढ आली तर पत्रातली ठरीव स्तुती काढून टाका.

प्रश्न : मुदत संपली आणि सुधारणा नाही, तर कायद्याने काय करावं लागतं? पैसे किती द्यावे लागतात?
– तेच वाचक

उत्तर : २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तुमचा ऑपरेटर तिच्या अर्थाने ‘कामगार’ आहे. हुद्दा काय लिहिलाय हे महत्त्वाचं नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते महत्त्वाचं. हाताने, तांत्रिक, कुशल वा कारकुनी काम करणारा कामगार. व्यवस्थापकीय काम करणारा नाही, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराचा पर्यवेक्षकही नाही. मशीन चालवणाऱ्याला पत्रात ‘मॅनेजर’ म्हटल्याने तो मॅनेजर होत नाही.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. त्या एकमेकींत मिसळू नका, कारण अशी बहुतेक प्रकरणं तिथेच फसतात. एक वाट शिक्षेची: कामात वारंवार निष्काळजीपणा हे गैरवर्तन मानून आरोपपत्र, त्याचं उत्तर, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि मग बडतर्फी. दुसरी वाट भरपाई देऊन सेवा संपवण्याची, जिला कायदा कामगार कपात म्हणतो. शिक्षा म्हणून नव्हे तर अन्य कोणत्याही कारणाने सेवा संपवली की ती कपातच, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून लावला आहे. काम जमत नाही पण माणूस प्रामाणिक आहे, अशा ठिकाणी दुसरी वाटच योग्य. फसगत होते ती अशी: भरपाई देऊन काढतात आणि पत्रात ‘तुमच्या बेजबाबदारपणामुळे कंपनीचं नुकसान झालं’ असंही लिहितात. तो आरोप झाला, आणि आरोप आला की चौकशी हवी. पत्रात इतकंच लिहा की अमुक तारखांच्या पत्रांत नमूद केलेला कामाचा दर्जा गाठला गेला नाही, म्हणून सेवा समाप्त करत आहोत.

एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की सलग वर्ष धरतात. सहा महिन्यांहून जास्त उरलेला भाग पूर्ण वर्ष मोजायचा. म्हणून पावणेसात वर्षं इथे सात. या नियमाला कामगारांच्या किमान संख्येची अट नाही, १८ माणसांच्या युनिटलाही तो लागू आहे. सरकारला विहित नमुन्यात कळवायचं असतं, तेही विसरू नका.

त्याचं संहितेनुसार वेतन महिना २४,००० रुपये धरू. नोटिशीऐवजी पगार २४,०००. भरपाई दरवर्षी अर्धा महिना, म्हणजे १२,००० गुणिले ७, बरोबर ८४,०००. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा, तिथे महिना २६ दिवसांचा धरतात: २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे ९६,९२३. एकूण २,०४,९२३ रुपये. शिवाय राहिलेला पगार आणि शिल्लक हक्काच्या रजेचे पैसे. वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. पुनर्कौशल्य निधीसाठी (कपात झालेल्या कामगारांसाठीचा निधी) शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कमही तुम्हाला भरावी लागते. ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा होते. पगारात मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून भत्ते फुगवले असतील, तर लक्षात ठेवा: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनातच धरला जातो.

भरपाई आणि नोटीस-पगार सेवा संपवण्याच्या क्षणीच मिळायला हवा. ‘पुढच्या महिन्यात येऊन चेक घेऊन जा’ म्हटलं की सेवासमाप्तीच बेकायदा ठरू शकते. सकाळी रक्कम खात्यावर पाठवा, व्यवहार क्रमांक पत्रात लिहा, मग पत्र हातात द्या. बेकायदा काढल्याचं सिद्ध झालं तर काय होतं, तेही ऐका: महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुन्हा कामावर घेणं, सेवेत खंड न धरणं आणि मधल्या काळाचा पगार देणं हाच सामान्य नियम. कामगाराला दाद मागायला दोन वर्षं असतात.

अजून एक. एकाच प्रकारच्या कामावर शेवटी लागलेला आधी जातो, हा कपातीचा साधारण नियम आहे. तुमच्याकडे त्याच्यानंतर लागलेले ऑपरेटर असतील, तर त्यांना ठेवून यालाच का काढलं याचं कारण नोंदवलेलं हवं. आठवड्याच्या त्या सह्या इथे कामाला येतात.

प्रश्न : एवढ्या भानगडीपेक्षा राजीनामा लिहून घेतला तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केबिनमध्ये बसवून, ‘राजीनामा दे नाहीतर काढतो’ म्हणत घेतलेला कागद राजीनामा नसतो. दुसऱ्या दिवशी त्याने दबावाची तक्रार केली की तुमच्याकडे ना नोटीस, ना भरपाई, ना कारण. नोकरी देतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याची चाल तर निव्वळ फसवणूक आहे. असे कागद असतील तर आजच त्या माणसासमोर फाडा. खरोखर समजुतीने वेगळं व्हायचं असेल तर रक्कम लेखी सांगा, घरी विचार करायला आठवडाभर द्या, आणि ती रक्कम वर काढलेल्या हिशेबापेक्षा कमी नसावी.

प्रश्न : प्रोबेशनवरच्या मुलीला काढायचं आहे. कारण द्यावं लागतं का?
– एक व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : आधी नेमणूकपत्र वाचा. प्रोबेशन संपण्याची तारीख उलटून गेली असेल आणि मुदतवाढ लेखी दिली नसेल, तर ती अजून प्रोबेशनवरच आहे असं गृहीत धरू नका. तारखेच्या आत, नेमणूकपत्रातल्या नोटिशीनुसार, आरोप न करता साधं पत्र पुरतं. तिला तोंडी मात्र खरं कारण सांगा, पुढच्या नोकरीत तिला त्याचा उपयोग होईल. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या स्त्रीला किंवा ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) आजारपणाच्या रजेवरच्या माणसाला त्या काळात काढता येत नाही.

प्रश्न : कागद तयार आहेत, पण समोर बसवून सांगायचं कसं? झोप लागत नाही.
– एक संचालिका, ठाणे

उत्तर : आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस, सकाळची वेळ. बँक, पीएफ, ओळखीपाळखी, सगळीकडे चौकशी करायला त्याला कामाचे दिवस मिळतात. शनिवारी संध्याकाळी सांगितलं तर रविवारभर तो नुसता विचार करत राहतो. पगारवाढीच्या वा दिवाळीच्या आठवड्यात सांगू नका. खोलीत तुम्ही, तो आणि पगाराचा हिशेब माहीत असलेला एक माणूस, बस. खोलीचं दार बंद, फोन बंद.

पहिल्याच मिनिटाला सांगा: “गेल्या तीन महिन्यांचे आकडे आपण दर आठवड्याला पाहिले. ठरलेला दर्जा गाठला गेला नाही, म्हणून आजपासून तुमची नोकरी संपते आहे. हिशेबाचे पैसे खात्यात जमा केले आहेत, तपशील या पत्रात आहे.” आणि मग गप्प बसा. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात केली की समोरच्याला वाटतं पगारवाढ आहे. ‘मलाही फार वाईट वाटतंय’ हे मनात खरं असलं तरी बोलू नका. त्या खोलीत तुमची समजूत घालायचं काम त्याच्यावर येऊ नये. तो रडेल, चिडेल, आणखी एक महिना मागेल. निर्णय बदलणार नसेल तर ‘बघतो’ म्हणू नका. पाणी द्या, हिशेब पुन्हा एकदा सावकाश समजावून सांगा. घरी कसं सांगायचं या विचारात त्याला पहिल्यांदा काहीच ऐकू आलेलं नसतं.

सिक्युरिटीला बरोबर देऊन बाहेर काढू नका. लॉकर, डबा, स्वतःची हत्यारं त्याला स्वतः आवरू द्या. ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पोर्टलवर सेवा संपल्याची तारीख लगेच भरा. ती राहिली की त्याला स्वतः ती टाकायला दोन महिने थांबावं लागतं आणि तेवढे दिवस त्याचे हक्काचे पैसे अडकतात. अनुभवाचं पत्र त्याच आठवड्यात द्या, त्यात हुद्दा आणि तारखा खऱ्या लिहा. पगारातून कापलेल्या कराचा दाखला वर्ष संपल्यावर आठवणीने पाठवा.

बाकीच्यांना त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, एका वाक्यात सांगा: अमुक आजपासून आपल्याकडे नाहीत, त्यांचं काम सध्या अमुक बघतील. कारण विचारलं तर ते आमच्यात आणि त्यांच्यात आहे, एवढंच. ‘माझा नंबर कधी?’ असं कोणी विचारलंच, तर त्याला त्याच दिवशी बसवून त्याच्या कामाचे आकडे दाखवा.